काढता पाय

फहाहीलला गुरुवारी रात्री दहा वाजताही
बास्केटचा बोर्ड घामेजलेला असतो.
पाऊस नव्हे, समुद्राकडून आलेली चिकट हवा.
पलीकडे रिफायनरीची ज्योत, अलीकडे मी:
दिवसा गोदामात व्हॉल्व्ह मोजणारा,
रात्री सेकंद.

रिंगखालचा हा निळा चौकोन.
चढाई करणाऱ्यानं इथं सलग तीन सेकंदांवर
थांबायचं नाही.
नियम एवढाच, चौथीतल्या पोराला पाठ होईल.
बारा वर्षं शिट्टी फुंकतोय,
अजून मला तो पुरता उमगलेला नाही.

पाच सेकंद, आठ सेकंद हात हलवून मोजतात,
सगळ्या मैदानाला दिसतं.
तीन मात्र पंचानं मनातल्या मनात मोजायचे.
कुरुंदवाडला आम्हाला सेकंद शिकवलेच नव्हते,
कबड्डीत दम ऐकायला शिकवलं होतं.
तुटला की कळतो. घड्याळ लागत नाही,
कान लागतो.
मी अजून तसाच मोजतो,
शिट्टी दातांत धरून.

नबील माझा जोडीदार, अम्मानचा, काटेकोर.
म्हणतो, रेघेवर बूट टेकला की माणूस आत.
रेघ आतल्याची.
खरं आहे.
पण चेंडू तिकडे कोपऱ्यात घुटमळतोय
आणि हा इकडे, कुणाच्या अध्यात ना मध्यात,
टाच रेघेवर ठेवून नुसता धापा टाकतोय,
तर त्यानं कुणाचं काय लुबाडलं?
अशाला मी पुटपुटतो, "बाहेर रे, बाहेर."
मराठीत.
फिलिपिनो पोरं बरोबर बाहेर होतात.

शॉट सुटला की मोजणी पुसायची.
रिबाउंड हाती आला, पुन्हा एकपासून.
आणि एक सवलत:
जो बाहेर पडायच्या प्रयत्नात आहे
त्याला थोडं सांभाळून घ्यावं.
आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, काढता पाय.
फक्त आपल्याकडे त्याच्या शेजारीच
दुसराही आहे: पाय निघत नाही.
नियमावलीत दुसऱ्याची सोय नाही.

आर्नेल. वय एक्केचाळीस, गुडघ्याला पट्टा,
मंगफच्या शीतगृहात दहा वर्षं.
रविवारचं तिकीट होतं, एकेरी.
संघात कुणाला बोलला नव्हता.
मला बोलला, पार्किंगमध्ये,
कारण पंच कुणाचाच नसतो.

शेवटचं मिनिट, दोन गुणांनी मागे.
तो चौकोनात, पाठ लावून, हात वर, चेंडू मागत.
एक.
चेंडू येईना.
दोन.
उजवा पाय उचलला त्यानं, रेघेच्या दिशेनं,
आणि तो हवेतच राहिला.
निघाला होता? की फक्त
दुखऱ्या गुडघ्याला उसंत देत होता?

मी शिट्टी फुंकली.
तीन बोटं दाखवली.
चेंडू समोरच्यांना.

सामना संपल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून आला.
"सर, किती मोजलेत?"
"साडेतीन," मी म्हणालो.
तो हसला, "मग ठीक."
हात मिळवला. तळवा ओला, माझाही.

खरं सांगतो, दोनपर्यंत मी सेकंदच मोजत होतो.
पुढचं काय मोजलं ते आठवत नाही.
रविवार असावा.
गाडीत नबील म्हणाला, "मी सोडलं असतं.
पाय जात होता त्याचा."
नबील म्हणाला. काटेकोर नबील.

मग मी पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त करून परत गेलो.
एकच दिवा चालू होता.
दमट फरशीवर, त्या रेघेवर,
शेकडो बूट उमटलेले, एकावर एक.
जाणारे कुठले, येणारे कुठले,
वाकून पाहिलं,
मग राखणदारानं तोही दिवा घालवला.